निवडलेल्या टेस्ट हिरव्या, रात्रीचा पूर्ण रन लाल: कव्हरेजवरून टेस्ट निवडताना हे पुन्हा पुन्हा का होतं

लक्षण ओळखीचं आहे. ब्रँचवर दोन-चार ओळींचा बदल झाला, पाइपलाइनने (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने) कव्हरेजचा मॅप, म्हणजे कुठली टेस्ट कोडच्या कुठल्या ओळींवरून गेली त्याची नोंद, पाहून मोजक्या टेस्ट निवडल्या, सगळ्या पास झाल्या. बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करून माणूस नागपुरात खापरीहून मेट्रो पकडून बर्डीला उतरलासुद्धा. रात्री पूर्ण सूट (सगळ्या टेस्टचा संच) चालली आणि सकाळी एक टेस्ट लाल. बदल तिच्याच कोडमधला, पण निवडीच्या यादीत तिचं नावच नाही. मग कोणीतरी मॅप नव्याने बनवतो, थोडे दिवस शांततेत जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

मॅप नव्याने बनवणं हा या दुखण्यावरचा सगळ्यात आवडता इलाज आहे आणि बहुतेक वेळा त्याचा दुखण्याशी काही संबंध नसतो. शिळा मॅप हे एक कारण आहे खरं, पण ते सापडायला सोपं आणि निस्तरायलाही सोपं. जास्त छळतं ते दुसरंच: मॅपमध्ये ओळ आहे, ती चालल्याची नोंद आहे, पण नोंद भलत्याच टेस्टच्या नावावर पडली आहे. असा मॅप रोज रात्री ताजा बनवला तरी रोज तसाच चुकीचा बनेल.

थोडा संदर्भ देतो, कारण उदाहरणं त्यातलीच आहेत. कळमना बाजारातल्या फळांच्या अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. संत्र्याची गाडी उतरते, वजन होतं, लिलावात भाव ठरतो, मग हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) निघते. बॅकएंड पायथॉनमध्ये आणि टेस्ट पायटेस्ट या साधनावर. वजावटीचं जुनं मॉड्यूल मात्र अजून जावामध्येच आहे, त्याला हात लावायला कोणी धजत नाही. मृग बहाराचा माल फेब्रुवारीपासून यायला लागला की अडत्यांच्या मागण्या रोजच्या होतात, आणि प्रत्येक मर्जला पूर्ण सूट चालवत बसलो तर दिवसभरात दुसरं काही होणार नाही. म्हणून निवड लागते.

निवडीची पद्धत सगळीकडे सारखीच. एकदा पूर्ण सूट कव्हरेजसकट चालवायची आणि कुठली टेस्ट कुठल्या ओळींवरून गेली ते टिपून ठेवायचं. पुढे बदल आला की बदललेल्या ओळी काढायच्या आणि त्या ओळींवरून गेलेल्या टेस्ट चालवायच्या. पायथॉनमध्ये हे कव्हरेज डॉट पाय या कव्हरेज मोजणाऱ्या साधनाच्या ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, सरळ करता येतं. त्या आवृत्तीत डायनॅमिक कॉन्टेक्स्ट (ओळ कोणाच्या पाळीत चालली त्याचं नाव लावण्याची सोय) आले आणि डेटाची फाइल एसक्यूलाइटची झाली, त्यामुळे ‘ही ओळ कोणी चालवली’ हा प्रश्न त्या फाइलला थेट विचारता येतो.

सुटलेल्या टेस्टची एकटीने चौकशी

आधी एक खात्री करून घ्या. सुटलेली टेस्ट आदल्या हिरव्या कमिटवर (कोडच्या साठवलेल्या अवस्थेवर) पुन्हा चालवा, दोन-तीनदा. तिथेही कधी पडत, कधी उठत असेल तर ती फ्लेकी आहे. तिचं निवडीशी काही देणंघेणं नाही, ती या चौकशीतून बाहेर.

तिथे ती ठामपणे पास होत असेल तर पुढचं काम. मॅप ज्या कमिटवर बनला तोच कमिट चेकआउट करा आणि ही एकच टेस्ट, नव्या प्रोसेसमध्ये, कव्हरेज लावून चालवा. कॉन्टेक्स्ट वगैरे काही नको, प्रोसेस सुरू झाल्यापासूनचं साधं कव्हरेज पुरे. आता बदल ज्या फंक्शनमध्ये झाला तिथल्या ओळी या एकट्या रनमध्ये चालल्या का, आणि मॅपमध्ये त्या या टेस्टच्या नावावर आहेत का, हे दोन्ही बघा.

दोन्हीकडे असतील, तर मॅप बरोबर आहे आणि गडबड डिफ (कोडच्या दोन अवस्थांतला फरक) वाचण्यात आहे. एकट्या रनमध्ये चालल्या पण मॅपमध्ये या टेस्टच्या नावावर नाहीत, तर श्रेय दुसऱ्या टेस्टला गेलं आहे. दोन्हीकडे नाहीत, तर बदललेली गोष्ट कव्हरेजला दिसतच नाही. सुटलेल्या जवळपास प्रत्येक टेस्टचं उत्तर या तिन्हींपैकी एकात निघतं, आणि तिन्हींवरचे उपाय एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. चौकशी न करता उपाय करायला गेलं तर म्हणूनच वेळ वाया जातो.

दोन्हीकडे आहे, तरी निवडली नाही

संदर्भाच्या, म्हणजे बदलाच्या आजूबाजूच्या, शून्य ओळी ठेवून गिट डिफ काढला की प्रत्येक बदलाच्या डोक्यावर अशी ओळ येते:

@@ -५६,० +५७,२ @@

वजाच्या पुढचे आकडे जुन्या फाइलचे, अधिकच्या पुढचे नव्या फाइलचे. मॅप जुन्या कमिटचा आहे, म्हणून वजावालेच घ्यायचे. इथवर बहुतेकांचं ठीक असतं. (काहींचं इथेच घसरतं: नव्या बाजूचे नंबर घेऊन जुन्या मॅपमध्ये शोधत बसतात. फाइलच्या वरच्या भागात दहा ओळी वाढल्या असतील तर खालची सगळी निवड दहा ओळींनी सरकते, आणि तरी काही ना काही टेस्ट मिळतातच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.)

आता ते शून्य बघा. याचा अर्थ जुन्या फाइलमधली एकही ओळ बदललेली नाही, ५६ व्या ओळीनंतर दोन नव्या ओळी घुसल्या आहेत. तुमची स्क्रिप्ट ‘५६ पासून शून्य ओळी’ असं मोजत असेल तर तिला रिकामी यादी मिळते आणि रिकाम्या यादीवरून टेस्टही शून्य निवडल्या जातात. आमच्याकडच्या उदाहरणात त्या दोन ओळी होत्या एका नव्या अटीच्या: क्रेटमधला माल असेल तर तोलाई लावायची नाही. जुनं काही पुसलं नाही, बदललं नाही, फक्त भर घातली. बाजारातल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल असेच होतात, ‘एवढी एक अट वाढवून द्या’ या चालीचे. म्हणजे नेमके जास्त होणारे बदलच निवडीला दिसत नाहीत.

वरची आणि खालची शेजारची ओळ धरा, असा एक उपाय सुचवला जातो. माझं मत: ओळींचा नाद सोडा, फंक्शनच्या पातळीवर या. बदल ज्या फंक्शनमध्ये पडतो ते फंक्शन कोणत्याही ओळीवरून चालवलेल्या सगळ्या टेस्ट घ्या. थोड्या जास्त निवडल्या जातील, पण त्याबरोबर दुसरीही एक कटकट मिटते. चार-पाच ओळींवर पसरलेलं एकच विधान कव्हरेजचा रिपोर्ट पहिल्या ओळीच्या नावावर धरतो. बदल त्याच्या तिसऱ्या ओळीत असला तर ओळीला ओळ जुळवणारी स्क्रिप्ट तिथे हात हलवत परत येते. फंक्शनच्या पातळीवर हा प्रश्नच उरत नाही.

नव्याने लिहिलेलं आख्खं फंक्शन मॅपमध्ये असूच शकत नाही. ते कुठूनतरी बोलावलं जात असेल, तर बोलावणाऱ्या ठिकाणीही बदल असतो आणि तिथून टेस्ट मिळतात. अपवाद ओव्हरराइडचा. पोटक्लासमध्ये नवी मेथड टाकली की बोलावणारी ओळ जशीच्या तशी राहते, पण चालतं भलतंच. म्हणून नवी मेथड दिसली की पालकक्लासमध्ये त्याच नावाची मेथड आहे का ते स्क्रिप्टने बघावं, असेल तर तिच्या टेस्ट घ्याव्या.

शिळा मॅपही इथेच मोडतो. डिफ नेहमी मॅपच्या कमिटपासून काढायचा, मेन ब्रँचच्या ताज्या टोकापासून काढायचा नाही. मॅप काल रात्रीचा, दुपारपर्यंत पाच मर्ज झाले, आणि तुम्ही डिफ दुपारच्या टोकापासून काढला, तर ओळींचे नंबर मॅपशी जुळणार कसे? शेत विकलं गेलं आणि सातबाऱ्यावर फेरफार चढला नाही तर तलाठ्याकडे जुन्याच मालकाचं नाव निघतं, त्यातला हा प्रकार. मॅपच्या फाइलसोबत कमिटचा हॅश साठवा आणि डिफची सुरुवात तिथूनच करा, त्यात इतरांचे मर्ज आले तरी येऊ द्या.

एकटी चालवली तर दिसते, मॅपमध्ये मात्र नाही

हा खरा त्रासाचा भाग. आमच्याकडे एक ज्युनिअर वैतागून म्हणाला होता, ‘भाऊ, मॅप तर रात्रीच नवा बनवला, मग ही टेस्ट काऊन सुटून राहिली?’ प्रश्न बरोबर होता.

हमालीचे दर डेटाबेसमधून एकदा वाचून ठेवणारं एक फंक्शन आहे, त्याच्यावर एलआरयू कॅशचा डेकोरेटर (फंक्शनचं उत्तर साठवून ठेवणारी खूण). अख्खा दरतक्ता एका दमात वाचतं, पुढच्या वेळी कॅशमधूनच देतं. पायटेस्ट एका फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने घेतो. अंबिया बहाराच्या (संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाच्या) पट्टीची टेस्ट फाइल आधी येते, मृग बहाराची नंतर. पूर्ण रनमध्ये अंबियाच्या पहिल्या टेस्टने दर मागितले, फंक्शन खरंच चाललं, ओळी तिच्या नावावर पडल्या. मृगाच्या टेस्टने दर मागितले तेव्हा उत्तर कॅशमधून आलं. फंक्शनच्या आतली एकही ओळ चालली नाही, मग नोंद कसली होणार?

आता या फंक्शनमध्ये कोणी बदल केला आणि मृगाच्या दरांची ओळ वाचण्यात चूक झाली. मॅप म्हणतो, हे फंक्शन फक्त अंबियाची एक टेस्ट चालवते. ती चालवली, तिचे दर ठीकच होते, हिरवी. रात्री मृगाची टेस्ट पडली. मॅपमध्ये खोटं काहीच लिहिलेलं नाही. त्या रनमध्ये जे घडलं तेच त्याने टिपलं. पण तुम्हाला हवं होतं ‘कोणाचा निकाल या ओळींवर अवलंबून आहे’, आणि त्याने टिपलं ‘त्या दिवशी त्या ओळी कोणाच्या पाळीत चालल्या’.

एकदाच चालणारा सगळा कोड असाच पहिल्या येणाऱ्याच्या खात्यात जातो. सेशन स्कोपचं फिक्स्चर (टेस्टची तयारी करणारा, आख्ख्या रनमध्ये एकदाच चालणारा कोड) पहिल्यांदा मागणाऱ्या टेस्टच्या खात्यात. जावामध्ये क्लासचा स्टॅटिक ब्लॉक, क्लास पहिल्यांदा वापरणाऱ्या टेस्टच्या खात्यात. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कच्या टेस्टमध्ये ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट कॅश होतो, मग बीन (ॲप्लिकेशनचे घटक) उभे करणारा सगळा कोड पहिल्या टेस्टचा. मागच्या टेस्टने सुरू केलेला थ्रेड पुढच्या टेस्टच्या वेळेत संपला, तर त्याच्या ओळी पुढचीच्या नावावर.

पायथॉनमध्ये आणखी एक खाच आहे. मॉड्यूलच्या पातळीवरच्या ओळी, म्हणजे स्थिरांक, डिक्शनरी, क्लासचं अंग, इंपोर्टच्या वेळी चालतात, आणि पायटेस्टमध्ये इंपोर्ट बहुधा टेस्ट गोळा करतानाच होऊन जातो. तेव्हा कुठलीच टेस्ट सुरू नसते. अशा ओळी रिकाम्या नावाच्या कॉन्टेक्स्टमध्ये जातात. दरांच्या फाइलमध्ये एक आकडा बदलला, मॅपला विचारलं, उत्तर आलं रिकामी स्ट्रिंग, आणि स्क्रिप्टने तिला ‘टेस्ट नाही’ समजून सोडून दिलं. कव्हरेज डॉट पायची स्वतःची टेस्ट-फंक्शनवाली सेटिंग वापरत असाल तर फिक्स्चरचा कोडही याच रिकाम्या कॉन्टेक्स्टमध्ये जाऊन पडतो, कारण ती सेटिंग फक्त टेस्ट फंक्शनच्या आत गेल्यावर नाव लावते. त्यापेक्षा पायटेस्ट-कॉव्हचा कॉन्टेक्स्ट पर्याय वापरा. त्यात टेस्टच्या पूर्ण नावामागे उभी रेघ आणि सेटअप, रन किंवा टिअरडाउन असं लागतं, म्हणजे फिक्स्चर किमान कोणाच्या तरी नावावर येतात.

या ओळी शोधायच्या कशा? यादृच्छिक क्रमाने अनेकदा चालवून सगळे मॅप एकत्र करा, असा सल्ला मिळतो. तो इथे फारसा कामाचा नाही. दोनशे टेस्ट एकच कॅश वापरत असतील तर दर रनमध्ये एकीलाच श्रेय मिळणार, आणि पाच रन एकत्र केल्या तरी फार तर पाच नावं जमतील.

त्याऐवजी सूट एकदा सरळ क्रमाने चालवा आणि एकदा बरोबर उलट क्रमाने. कॉन्फटेस्ट या पायटेस्टच्या फाइलमध्ये टेस्ट गोळा झाल्यानंतरचा हुक (ठरलेल्या क्षणी आपोआप बोलावलं जाणारं फंक्शन) असतो, तिथे यादी उलटी करणं एका ओळीचं काम आहे. दोन मॅप शेजारी ठेवा. ज्या ओळीचं खातं दोन्हीकडे सारखं, ती ओळ भरवशाची. जिचं खातं बदललं, ती पहिल्या येणाऱ्याची ओळ. हमालीच्या दरांचं फंक्शन सरळ रनमध्ये अंबियाच्या नावावर, उलट रनमध्ये शेवटून पहिल्या आलेल्या टेस्टच्या नावावर. लगेच उघडं पडतं. एखादी ओळ एकाच टेस्टला लागत असेल तर दोन्हीकडे तीच टेस्ट येते, आणि तिथे काही बिघडलेलंही नसतं. थ्रेडवाल्या आणि वेळेवर अवलंबून असलेल्या ओळीही यात बऱ्याचदा पकडल्या जातात. इंपोर्टच्या ओळी मात्र दोन्ही क्रमांत रिकाम्याच राहतात, त्यांना वेगळं बघावं लागतं.

ओळी सापडल्यावर उपाय दोन टप्प्यांत करा. कॅश असेल तर मॅप गोळा करण्याच्या रनमध्येच, आणि फक्त त्याच रनमध्ये, आपोआप लागणारं एक फिक्स्चर टाका, जे प्रत्येक टेस्टच्या आधी माहीत असलेल्या सगळ्या कॅश रिकाम्या करेल. एलआरयू कॅशला त्यासाठी स्वतःची मेथड असते. रन हळू होते, होऊ द्या, मॅप रात्री बनतो. रोजच्या टेस्टमध्ये हे फिक्स्चर टाकू नका, नाहीतर कॅशमुळेच येणारे बग झाकले जातील.

ज्या ओळी अशा सोडवता येत नाहीत, त्यांच्यासाठी मॅपवर विसंबून राहू नका, इंपोर्टच्या साखळीवर जा. दरांच्या फाइलमधली मॉड्यूल पातळीची ओळ बदलली, तर ती फाइल थेट किंवा आडून इंपोर्ट करणाऱ्या सगळ्या फाइली काढा आणि त्यांना स्पर्श करणाऱ्या सगळ्या टेस्ट घ्या. त्याच फाइलमधल्या इतर ओळींच्या टेस्ट घेऊन भागत नाही. नुसत्या आकड्यांच्या फाइलमध्ये इतर ओळी नसतातच. ज्या फाइली सगळीकडे इंपोर्ट होतात तिथे या नियमाने जवळपास पूर्ण सूट निवडली जाते, आणि ते बरोबरच आहे. तशा फाइलमध्ये आकडा बदलणं हा लहान बदल फक्त डिफमध्ये दिसतो.

जावाच्या बाजूला आम्ही ओळींचा हट्ट केलाच नाही. जेकोको हे जावाचं कव्हरेज मोजणारं साधन टेस्टनिहाय कव्हरेज आपणहून देत नाही. प्रत्येक टेस्टनंतर एजंटकडून (प्रोग्रॅमसोबत चालून मोजणी करणाऱ्या त्याच्या भागाकडून) डेटा काढून घेऊन तो शून्यावर आणावा लागतो. शिवाय जेकोको क्लास ओळखतो तो क्लास फाइलच्या बाइटवरून काढलेल्या सीआरसी ६४ या चेकसमच्या आकड्याने. मॅप एका कंपायलरने बनवलेल्या क्लासवर गोळा केला आणि रिपोर्ट दुसऱ्याने बनवलेल्यावर काढला, तर जुळत नसल्याचा इशारा येतो आणि त्या क्लासचं कव्हरेज शून्य दिसतं. तो इशारा लॉगमध्ये शोधून बघा, बरेच जण तो वाचतच नाहीत.

दोन्हीकडे नाही

जावामधला ‘स्टॅटिक फायनल’ आकडा हे याचं अगदी नमुनेदार उदाहरण. तोलाईचा दर असा स्थिरांक म्हणून लिहिला असेल तर कंपायलर तो आकडा वापरणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये थेट छापून टाकतो. चालताना कोणी स्थिरांकांच्या क्लासकडे फिरकतही नाही. त्या फाइलमध्ये चालण्यासारखा कोडच उरत नाही, म्हणून कव्हरेज कायम कोरं. दर बदलला, निवड झाली शून्य टेस्टची, आणि पट्टीच्या निम्म्या टेस्ट रात्री पडल्या.

इथे डिफ सोर्सवर काढू नका, कंपाइल झालेल्या क्लासवर काढा. दर बदलून स्वच्छ बिल्ड केला की तो आकडा वापरणाऱ्या सगळ्या क्लासचे बाइट बदलतात. प्रत्येक क्लास फाइलचा चेकसम आधीच्याशी ताडून बघितला की खरे बदललेले क्लास हाती येतात आणि ते वापरणाऱ्या टेस्ट मॅपमध्ये सापडतात. एक्स्टाझी नावाचं साधन २०१५ मध्ये आलं ते याच विचारावर: टेस्ट कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे ते टिपा, फाइलींचे चेकसम ठेवा, ओळींच्या बारकाव्यात जाऊ नका. तशा निवडीत टेस्ट जास्त येतात, पण मोजमापाचा भार इतका कमी होतो की सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एकूण वेळ वाचतो, हा त्यामागचा हिशेब. जावासाठी मला तो पटतो.

क्लासच्या पातळीवर गेल्याने जेकोकोची आणखी एक जागा सहसा झाकली जाते. मेथडमधून बोलावलेल्या दुसऱ्या मेथडने एक्सेप्शन फेकलं तर ती बोलावणारी ओळ जेकोको चालली म्हणून दाखवत नाही, कारण खूण करणारा प्रोब त्या ओळीच्या पुढे असतो आणि तिथवर गाडी पोचतच नाही. ‘वजन ऋण असेल तर नकार द्या’ छापाच्या टेस्ट त्यामुळे ओळींच्या मॅपमधून गळू शकतात.

मग येतात कोड नसलेल्या फाइली. पट्टीचा मराठी टेम्प्लेट, भाषांतराची फाइल, दरांची यामेल फाइल. टेम्प्लेटमध्ये कोणी ‘तोलाई’चा रकाना सरकवला आणि छापील पट्टी ताडून बघणारी टेस्ट पडली, तर कव्हरेजला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पायथॉनच्या ओळींपलीकडचं दिसत नाही. पायथॉन ३.८ पासून ऑडिट हुक आहेत, पीईपी ५७८ या प्रस्तावातून आलेले. प्रोसेसमध्ये फाइल उघडली जाताना त्या हुकला निरोप मिळतो. मॅप गोळा करताना एक छोटा हुक लावून ‘कुठल्या टेस्टच्या वेळी प्रोजेक्टमधली कुठली फाइल उघडली’ हे टिपा आणि ती नोंद ओळींच्या मॅपशेजारी ठेवा. टेम्प्लेटही कॅश होतात हे विसरू नका, नाहीतर पहिल्या येणाऱ्याचं भूत इथेही उभं राहील. हुक एकदा लावला की त्या प्रोसेसमध्ये काढता येत नाही, म्हणून तोही फक्त मॅपच्या रनमध्ये.

जिथे निवड करूच नये

ग्रेग रॉदरमेल आणि मेरी जीन हॅरॉल्ड या संशोधकांनी १९९७ च्या पेपरमध्ये ‘सुरक्षित’ निवडीची पद्धत मांडली. बदललेल्या प्रोग्रॅममधला दोष उघड करू शकेल अशी एकही टेस्ट सुटू नये, ही सुरक्षिततेची कल्पना. पण हमी एका अटीवर आहे: कोड सोडून बाकी सगळं जुन्या आणि नव्या रनमध्ये तेच असलं पाहिजे. प्रत्यक्षात ही अट आपण रोज मोडतो. लायब्ररीच्या आवृत्त्यांची लॉक फाइल बदलली, डॉकरची इमेज बदलली, डेटाबेसचं मायग्रेशन आलं, पायथॉनची आवृत्ती वाढली, की कव्हरेजवरून काही निवडण्यात हशील नाही, सरळ पूर्ण सूट चालवा.

स्क्रिप्टमध्ये याचा नियम उलट्या बाजूने लिहा. ‘या फाइली बदलल्या तर पूर्ण सूट’ अशी यादी ठेवली की नवी फाइल आली तेव्हा ती यादीत घालायची राहते. त्याऐवजी ‘बदललेली प्रत्येक फाइल मॅपमध्ये किंवा उघडलेल्या फाइलींच्या नोंदीत असेल तरच निवड, एक जरी अनोळखी निघाली तरी पूर्ण सूट’ असं ठेवा. वाचण्यापुरत्या मजकुराच्या फाइली या नियमातून वगळा, बाकी कोणतीही नाही. नव्या टेस्ट, बदललेल्या टेस्ट आणि मागच्या वेळी पडलेल्या टेस्ट मॅप काहीही म्हणो, नेहमी चालल्या पाहिजेत.

निवड फार मोठी येत असेल तर ती कापायचा मोह होतो, ‘पहिल्या पन्नासच घ्या’ वगैरे. कापू नका, क्रम लावा. जी टेस्ट अजून न झाकलेलं बदललेलं फंक्शन झाकते ती आधी, मग उरलेल्यांतून पुन्हा तसंच. चूक असेल तर लवकर कळते आणि वेळ संपली म्हणून थांबलात तरी कुठे थांबलात ते माहीत असतं.

रात्रीची पूर्ण रन बंद करू नका, निवड कितीही चांगली चालली तरी. ती आहे म्हणूनच निवड चुकते आहे हे कळतं. दर वेळी टेस्ट सुटली की एका साध्या तक्त्यात चार गोष्टी लिहा: टेस्ट, बदलाचा कमिट, वरच्या तिन्हींपैकी कुठला प्रकार, आणि काय केलं. आमच्या तक्त्यात ‘एकटीने दिसते, मॅपमध्ये नाही’ हा रकानाच सगळ्यात लवकर भरला, म्हणून वर त्याच्यावर इतकं लिहिलं. तुमच्याकडे टेम्प्लेट आणि कॉन्फिग जास्त असतील तर तिसरा भरेल.

तारखेवर चालणाऱ्या टेस्ट मात्र या तक्त्यात घेऊ नका. १ एप्रिलला आर्थिक वर्ष बदललं की पावती क्रमांकाच्या टेस्ट कोणी कोडला हात न लावताही पडतात. तिथे डिफच नाही, तर निवड कशाची करणार? त्या टेस्टमध्ये घड्याळ गोठवून तारीख बाहेरून द्या आणि ३१ मार्च, १ एप्रिल अशा दोन्ही तारखांना वेगळ्या टेस्ट लिहा.